"रोज पाऊण तास चाला." बरं, पण कुठे?

पायवाट (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते. आज लिहायला बसले कारण पाय प्लास्टरमध्ये आहे आणि डोकं तापलेलं आहे.

झालं असं. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१ आली. डॉक्टर भले गृहस्थ आहेत, ओरडले नाहीत. एक गोळी लिहून दिली आणि चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात "रोज ४५ मि. भरभर चालणे" लिहून त्याला पेनाने दोनदा गोल केला. दुसऱ्याच दिवशी साडेपाचला उठले, नवे बूट घातले, निघाले.

घरापासून बाग ७५० मीटर. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमचंच समजा. तिसऱ्या दिवशी सोबत कागद-पेन्सिल नेली. बागेपर्यंत पोचायला फुटपाथ सोडून किती वेळा रस्त्यावर उतरावं लागतं ते मोजलं. ३१ वेळा. विजेचे डीपी, बसथांब्याचा मागून चिकटलेला पत्रा, दुकानांच्या पायऱ्या, बंगल्यात गाडी चढवायचे उतार, दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्सचे सांगाडे (दिवाळी होऊन चार महिने झाले), अमृततुल्यचा बाक. एका चेंबरला झाकणच नाही, त्यात कोणा सज्जनाने बाभळीची फांदी खोचून वर लाल फडकं बांधलंय. एके ठिकाणी फुटपाथ इतका उंच की मला पायजमा धरून चढावं लागतं. बागेशी पोचले तर फाटकाला कुलूप. वेळ सहाची, माळी येणार साडेसहाला.

सातव्या दिवशी त्या फांदीच्या शेजारच्या चेंबरवर पाय मुडपला. आता सहा आठवडे बसून. साखर काय करतेय देव जाणे.

बसल्या बसल्या वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस: मोठ्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं. आणि २०२४ मध्ये जगभरच्या आकडेवारीचा अभ्यास आला त्यात भारतातल्या प्रौढांपैकी जवळपास निम्मे लोक एवढीही हालचाल करत नाहीत असं निघालं. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. नव्या आकड्यांत बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२.

आता माझा प्रश्न. चालायला सांगतं आरोग्य खातं. फुटपाथ पथ विभागाचा. त्यावरची गाडी वाहतूक पोलिसांची. डीपी वीज कंपनीचा. फाटकाची किल्ली उद्यान विभागाची. माझी ४५ मिनिटं नक्की कोणाच्या टेबलावर आहेत? हे सगळे एका खोलीत बसून काही केलंय असं उदाहरण कोणाला माहीत आहे का? "परदेशात असतं" एवढंच सांगणार असाल तर तेही चालेल, पण मग कसं झालं ते सांगा.

---

कडूकारलं

ताई, राग मानू नका, पण हे नाचता येईना अंगण वाकडं झालं. आमचे वडील ८१ वर्षांचे आहेत, रोज गच्चीवर ६० फेऱ्या. ना फुटपाथ लागतो ना महापालिका. इच्छाशक्ती पाहिजे. आपल्याकडे सगळं सरकारने करावं अशी सवय लागलीये, उद्या बुटाची नाडीही नगरसेवकाने बांधावी म्हणाल.

---

भटकभवानी

@कडूकारलं, वडिलांना नमस्कार सांगा. आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे, आत पाण्याच्या टाक्या आणि सौर पॅनल. किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी पुण्यात मुलीकडे.

पहाटे साडेपाचला बाई एकटी बाहेर पडते तेव्हा दिवे लागलेत का, कुत्र्यांची टोळी कुठे बसलीये, टपरीवर कोण उभं आहे हे सगळं हिशोबात धरून रस्ता ठरवते. मग सहाला घरी परत, कारण डबे. ५७ आणि ४२ मधला फरक नाडीचा नाही हो.

---

रस्सा_मंडळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी ते बाभळीच्या फांदीचं चिन्ह रस्ते सुरक्षेच्या पुस्तकात घालायला पायजे. आख्ख्या महाराष्ट्राला कळतंय, भाषांतर लागत नाही.

---

जुनं_हाड

मी रोगप्रतिबंधशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. कारलेसाहेबांच्या इच्छाशक्तीबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो.

१९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बसवर दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वरच्या मजल्यावर जा-ये करणारा. पगार, वस्ती, खाणंपिणं साधारण सारखं. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी, आणि झालाच तर सौम्य. त्यातला एकही कंडक्टर "आज व्यायाम करतो" म्हणून जिना चढत नव्हता. तिकीट फाडायला चढत होता. जिना नोकरीत होता.

(पुढे त्याच मॉरिसने गणवेशांची मापं काढून दाखवलं की ड्रायव्हर लोकांची कंबर मुळातच जास्त होती. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण टपाल खात्यात सायकलवर पत्रं वाटणारे आणि टेबलावर बसणारे यांच्यातही त्याला तोच कल दिसला होता.)

मुद्दा असा की माणूस किती हलतो हे त्याच्या निश्चयापेक्षा त्याचा दिवस कसा बांधलाय त्यावर जास्त ठरतं. आपल्याकडे तर दुहेरी पंचाईत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगताहेत की दिसायला किडकिडीत भारतीय माणसाच्या अंगात चरबीचं प्रमाण गोऱ्यांच्या मानाने जास्त असतं. वजनकाट्यावर आपण सडपातळ, रक्ततपासणीत जाडे. म्हणजे "मी कुठे लठ्ठ आहे" म्हणून बसून राहायची सोयही नाही.

पायवाटताई, तुमच्या डॉक्टरांनी गोल केलेली ती चिठ्ठी जपून ठेवा. तिचं काय करायचं ते नंतर सांगतो.

---

खडीकाम

एका महापालिकेत ३१ वर्षं काढली, त्यातली १९ रस्त्यांवर. कोणती ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे.

फुटपाथ उंच का होतो ते आधी सांगतो. जुना थर खरवडून न काढता वर नवीन डांबर टाकलं की रस्ता वर येतो. दोन-तीन वेळा असं झालं की फुटपाथ रस्त्याच्या पातळीला येतो, मग त्याच्यावर नवीन पेव्हर ब्लॉक. आता फुटपाथ घरांच्या फाटकापेक्षा उंच, म्हणून प्रत्येक घरमालक आपापला उतार ठोकतो. तुमचे ३१ उतार-चढाव मोजलेत ना, त्यातले निम्मे असे जन्माला आलेले असतील. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक आहे, आयआरसी १०३, २०१२ ची आवृत्ती. त्यात कडेची उंची १५० मिलीमीटरपेक्षा जास्त नको, चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटर मोकळं, असं स्वच्छ लिहिलंय. पुस्तक प्रत्येक ऑफिसात असतं. कपाटात.

आणि खरं दुखणं सांगू? ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तकावरून निघतं. त्यात लिहायचे ब्लॉकचे चौरस मीटर. झाड आलं, त्याचं क्षेत्र वजा. डीपी आला, वजा. हिशोब चोख. पण माणसाला या टोकापासून त्या टोकापर्यंत न उतरता जाता येतं का, हे लिहायला त्या पुस्तकात रकानाच नाही. जे मोजलं जात नाही त्याचे पैसे कापले जात नाहीत.

तुम्ही विचारलंत आरोग्य खातं आणि आम्ही कधी एकत्र बसलो का. १९ वर्षांत मला आरोग्य विभागाची पत्रं आली ती साचलेल्या पाण्याची. डासांची. "आमच्या रुग्णांना चालता येत नाही" असं एकही पत्र कधी आलं नाही. आलं असतं तर मी काही क्रांती केली असती असं म्हणत नाही. पण फायलीला लावलं असतं, आणि फायलीला लागलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

---

कडूकारलं

खडीकाम साहेबांचा प्रतिसाद आवडला. माझं मत तेच आहे, पण प्रतिसाद आवडला.

---

कालव्याकाठी

मी नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. (हो, आला परदेशी पाहुणा. हसून घ्या.)

इथे सगळ्यांना वाटतं डच लोक जन्मतःच सायकलवर बसतात. तसं नाही. साठच्या दशकात इथेही कालवे बुजवून मोटारींना रस्ते करायची स्वप्नं चालली होती. १९७१ साली रस्ते अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. मग आया रस्त्यावर उतरल्या. चळवळीचं नाव होतं "बालहत्या थांबवा". इतकं थेट. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, सरकारने रविवारी गाड्या बंद केल्या आणि लोकांना आपलेच रस्ते मोकळे बघायला मिळाले.

म्हणजे सुरुवात आरोग्य खात्याने केलेली नाही. "व्यायाम करा" असं कोणी म्हणालंच नाही. मुलं मरतात आणि पेट्रोल महाग झालंय, या दोन कारणांनी रस्ते बदलले, आणि व्यायाम आपोआप पदरात पडला. आज माझी मुलगी शाळेत सायकलने जाते तिला कोणी सांगत नाही की हे तुझ्या हृदयासाठी आहे.

---

रस्सा_मंडळ

पाव्हणं, तुमच्याकडं चढ नाही, ऊन नाही, आणि पुढच्या सायकलवाल्याच्या तोंडातनं पिंक येत नाही. तुलना जरा जपून. (हलके घ्या)

---

हातगाडी

वर "अमृततुल्यचा बाक" वाचला आणि वाटलंच की आता गाडी फेरीवाल्यांवर येणार. अजून आली नाही, पण आधीच सांगून ठेवतो.

मी फेरीवाल्यांच्या संघटनेचं कागदपत्रांचं काम करतो. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की सगळ्यात आधी भाजीवाली उठते, कारण ती उचलता येते. डीपी उचलत नाहीत. दुकानदाराची पायरी फोडत नाहीत. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की नगर पथविक्रेता समिती पाहिजे, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले, आणि जागा आखून द्यायच्या. जागा आखल्या की चालणाऱ्यालाही वाट आणि विकणाऱ्यालाही. रात्री आठला रस्त्यावर भाजीवाली असते म्हणून तो रस्ता बाईमाणसाला सुरक्षित वाटतो, हे भटकभवानीताईंना विचारा.

---

भटकभवानी

खरंय. आमच्या गल्लीत कणसंवाला असतो तोपर्यंत मी फिरते. तो गेला की मी घरात.

---

लक्ष्मी_रोडकर

पुण्याची बाजू मांडतो. (पुणेकर आहे, मांडणारच.) २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण केलं आणि रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वंही. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद झाला, बसायला जागा आल्या, मुलं खेळताना दिसायला लागली. आमच्या ओळखीचे दोन आजोबा तिथे बसून अख्ख्या जगाला नावं ठेवतात, याहून चांगल्या फुटपाथचा पुरावा काय. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा मधला तुकडा गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात. एका दिवसासाठी पथ विभाग, पोलीस, बस, व्यापारी सगळे जमतात. दुसऱ्या दिवशी १२ डिसेंबर असतो.

गुरुग्राममध्ये २०१३ च्या नोव्हेंबरात राहगिरी सुरू झाली, रविवारी सकाळी रस्ता माणसांना. मुंबईत २०२२ च्या मार्चमध्ये पोलिसांनीच पुढाकार घेऊन मरीन ड्राइव्हसह काही रस्त्यांवर "संडे स्ट्रीट" केलं.

पण यातलं मूळ बघायचं तर कोलंबियाची राजधानी बोगोता. तिथे १९७४ पासून हा प्रकार आहे आणि आता दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभरावर किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद. पन्नास वर्षं! काम शहराच्या क्रीडा आणि करमणूक संस्थेकडे आहे. तिला त्याच कामाचे पैसे, त्याच कामाची माणसं. आपल्याकडे एखादा हौशी अधिकारी असतो. त्याची बदली झाली की हार, श्रीफळ आणि समारोप.

---

कडूकारलं

ओपन जिमबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मीच बोलतो. आमच्या प्रभागात तीन आहेत. पहिल्यावर नगरसेवकांचं नाव यंत्रापेक्षा मोठं. दुसऱ्यावर सतरंज्या वाळत घालतात. तिसऱ्यावर मुलं झोके घेतात आणि ते पायाचं यंत्र किरर्र किरर्र वाजतं, दुपारी झोप नाही. बेअरिंगला ग्रीस कोणी लावायचं यावर उद्यान आणि क्रीडा विभागात दोन वर्षं पत्रव्यवहार चालू आहे. मी स्वतः सायकल दुकानातून दहा रुपयांचं ग्रीस आणून लावलं.

---

जुनं_हाड

कारलेसाहेब, अभिनंदन. तुम्ही आंतरविभागीय समन्वय केलात.

---

उपकेंद्र

मी गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्या आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, त्याला आम्ही सीबॅक म्हणतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात बीपी-शुगर आहे का, आणि एक प्रश्न असा: आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? नाही म्हटलं की एक गुण वाढतो. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं.

आमच्याकडची शेतमजूर बाई या प्रश्नाला हसते. ती दिवसभर वाकून खुरपते, वर पाणी आणि सरपण. तिला आम्ही १५० मिनिटं विचारायची म्हणजे चेष्टाच. उलट तिचा नवरा पारावर, मुलगा मोटारसायकलवर. दोनशे मीटरवरच्या दुकानातून तंबाखू आणायला किक मारतो. गावातली साखर आता या मुलांच्या पिढीत येतेय, आणि फॉर्म तिशीनंतरचा.

आशाताईंनी मला एकदा विचारलं होतं, "मॅडम, नाही म्हणाले तर पुढं काय सांगायचं? ग्राउंड तर नाही गावात." मी म्हणाले, चालायला सांगा. त्या म्हणाल्या, "हायवेला?" त्यावर मी गप्प बसले.

---

फळा_खडू

उपकेंद्र मॅडम, हायवेवरून आठवलं. थोडं लांबड लावतो, माफी असावी.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्या भागात पहाटे चार-साडेचारला रस्त्याने गेलात तर अंधारात पळणाऱ्या पोरांची रांग दिसेल. पोलीस भरतीची पोरं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानीचे ५० गुण. एकेका सेकंदावर आयुष्य. पळणार कुठे? डांबरी रस्त्याच्या कडेला. मोबाईलचा टॉर्च दंडाला रबरबँडने बांधतात, मागून येणाऱ्या ट्रकला दिसावं म्हणून. दोन वर्षांपूर्वी आमचाच एक माजी विद्यार्थी उसाच्या ट्रॉलीला धडकला. वाचला, पण मांडीत रॉड आहे. भरती संपली.

आणि हे होत असताना शाळेचं मैदान कुलपात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय म्हणून मैदान आहे. पण ते अकरा ते पाच.

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, पहाटे उघडू. ते म्हणाले, नळ तोडले तर? दारूच्या बाटल्या सापडल्या तर? एखादं पोर पडलं तर माझ्यावर येईल. त्यांचं चूक नव्हतं, शाळेत काही झालं की जबाबदार एकच माणूस असतो. मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेतला, ग्रामपंचायतीने ठराव केला, पोलीस पाटलांनी पोरांची यादी आधार नंबरासह घेतली. एका माजी सैनिकाने पहाटे हजर राहायचं कबूल केलं. ग्रामपंचायतीने एक फ्लडलाइट दिला, त्याचं बिल कोणाच्या मीटरवर यावर तीन बैठका गेल्या. शेवटी पाणीपुरवठ्याच्या मीटरवरून वायर ओढली (हे कुठे बोलू नका).

पोरांनी स्वतः फक्की मारून २०० मीटरचा ट्रॅक आखला. आठ फेऱ्या की १६०० पूर्ण. गंमत पुढे आहे. पोरी पळायला यायला लागल्या तशा त्यांना सोडायला आया यायला लागल्या. नुसतं बसून काय करायचं म्हणून त्या कडेकडेने चालायला लागल्या. आता पहाटे पाचला मैदानावर पोरं बारा आणि बाया वीस. नळ कोणी तोडला नाही. एक बाटली सापडली, ती फिनेलची होती, आमच्याच शिपाईमामांची.

सायकलचंही असंच. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. योजना शिक्षण सुटू नये म्हणून, पैसा नियोजन विभागाचा, राबवतं शिक्षण खातं. आमच्या मुली रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर सायकल मारतात. आरोग्याच्या कुठल्याही अहवालात हे येत नसेल.

---

लक्ष्मी_रोडकर

वाचनखूण साठवली. फिनेलच्या बाटलीसाठी वेगळे गुण.

---

रस्सा_मंडळ

मास्तर, नाद खुळा!

आणि हे "सगळी खाती एका खोलीत" म्हणताय ते आपल्याकडं दरवर्षी होतंय की. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटर, लाखो माणसं चालत. पाण्याचे टँकर, फिरते दवाखाने, रुग्णवाहिका, फिरते संडास, पोलीस, एसटी, वीज, जिल्हा परिषद, सगळी हजर. कुठला कलेक्टर म्हणत नाही की हे माझ्या टेबलावर नाही. कारण वारकरी थांबणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

---

खडीकाम

@रस्सा_मंडळ, लाख बोललात. पालखी मार्गावर खड्डा राहिला तर मला मुख्य अभियंत्यांचा फोन यायचा. ताईंच्या बागेच्या मार्गावर कोणाचा फोन येणार?

ताई, एक काम करा. ती ३१ ची यादी पुन्हा लिहा आणि समोर एक रकाना काढा: मालक कोण. तक्रार म्हणून देऊ नका. तक्रारीला "संबंधित विभागाकडे वर्ग" असं उत्तर मिळतं आणि विषय बंद. मालकाप्रमाणे यादी दिली की वर्ग करायला जागा उरत नाही.

---

जुनं_हाड

आणि आता त्या चिठ्ठीचं. तुमच्या प्रभागातल्या महापालिका दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा. त्याच्याकडे मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांची नोंदवही असते. त्याला एकच विनंती करा: "आम्ही या रुग्णांना चालण्याचा सल्ला देतो, जवळचा मार्ग चालण्यायोग्य नाही, यादी सोबत जोडली आहे" एवढं पत्र पथ विभागाला त्याच्या सहीने जाऊ द्या. खडीकाम म्हणाले ना, १९ वर्षांत असं पत्र आलं नाही. पहिलं जाऊ दे.

वाटल्यास सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्वेध फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे असं म्हटलंय, तो उल्लेख खाली करा. वर नको. वर घातला की समोरचा वकील शोधतो.

---

पायवाट (धागाकर्ती), साडेतीन महिन्यांनी

धागा वर काढते आहे. प्लास्टर निघालं, मी चालते आहे, आणि सांगण्यासारखं थोडं घडलंय.

मालकांचा रकाना भरला. पथ विभाग ११, दुकानदार ६, वीज कंपनी ५, पार्किंग म्हणजे वाहतूक पोलीस ४, टेलिफोनचे डबे २, बस २, उद्यान १. बेरीज ३१. भरताना कळलं की ज्यांच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले होते तो अमृततुल्यचा बाक दुकानदारांच्या सहातला एक, आणि त्याला नुसतं सांगितल्यावर त्याने त्याच संध्याकाळी तो भिंतीला लावला. इतके दिवस कोणी बोललंच नव्हतं, मीसुद्धा.

दवाखान्याच्या डॉक्टरबाई तरुण आहेत. पत्राचं ऐकून आधी म्हणाल्या, "हे आमच्या कक्षेत येतं का?" मी त्यांना चिठ्ठीवरचा गोल दाखवला. त्या हसल्या, म्हणाल्या, मीपण रोज पन्नास जणांना हेच लिहून देते. पत्र गेलं. त्यांनी नोंदवहीतून आकडाही घातला, या दवाखान्यात मधुमेहाचे इतके रुग्ण, त्यातले इतके साठीच्या पुढचे.

तीन आठवडे काही नाही. मग क्षेत्रीय कार्यालयातून बैठकीचं बोलावणं. कनिष्ठ अभियंता, वाहतूक शाखेचे एक हवालदार, उद्यानाचे मुकादम, डॉक्टरबाई, मी आणि आमच्या बाजूच्या शाळेचे मुख्याध्यापक (फळा_खडू सरांचा प्रतिसाद छापून त्यांना दिला होता, चालेल ना?). वीज कंपनीचं कोणी आलं नाही. पहिली वीस मिनिटं सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. मग अभियंत्यांनी यादी मागितली, पेन काढलं आणि स्वतःच्या ११ पैकी सातांवर टिक केली. म्हणाले, हे देखभालीच्या पैशात बसतं, बाकीच्या चारांना पुढचं वर्ष. ते टिक करताहेत म्हटल्यावर हवालदारांनीही यादी ओढून घेतली.

आजची स्थिती: ३१ चे १८ झालेत. चेंबरला झाकण आलं, पण ते भोवतालच्या ब्लॉकपेक्षा दोन इंच वर आहे, म्हणजे पूर्वी पडायची सोय होती, आता ठेचकाळायची आहे. पाचही डीपी जिथल्या तिथे. पार्किंगच्या चारपैकी दोन जागी खांब रोवले, एक खांब रिक्षाने लोळवला. बाग आता साडेपाचला उघडते. आणि शाळेचं मैदान पहाटे साडेपाच ते सात उघडं.

परवा १९ जणी होत्या. एक तर नऊवारीत, बुटांसकट.

---

कडूकारलं

अभिनंदन. डीपीचं काय?

---

पायवाट (धागाकर्ती)

दुसरं पत्र गेलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता सवय झाली.

---

फळा_खडू

छापलात त्याचा आनंदच आहे, वायरीचं वाक्य तेवढं खोडलं असेल अशी आशा. एक अनुभवाचा प्रश्न. किल्ली कोणाकडे? आमचं सगळं दोनदा बंद पडलं ते किल्लीवरून. शिपाईमामा रजेवर गेले की मैदान रजेवर.

---

पायवाट (धागाकर्ती)

वाक्य खोडलं होतं सर. सोमवार ते शनिवार वॉचमनकाका उघडतात, त्यांना आम्ही सगळ्याजणी मिळून महिन्याला थोडे देतो. रविवारी त्यांची सुट्टी. रविवारची किल्ली माझ्याकडे, आत्ता फ्रिजवर ठेवलीये. उद्या रविवार आहे आणि त्या नऊवारीवाल्या आजी सव्वापाचलाच येऊन फाटकाशी उभ्या राहतात, तेव्हा मी निघते झोपायला.